मुलाबाळांसकट उन्हाळ्यातलं व्हेल: डोंगर, बाग आणि उघड्यावरच्या मैफली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिना आला की डेन्व्हरच्या आसपासच्या मराठी घरांत दोन गोष्टी बरोबरच घडतात. मुलांच्या शाळा सुटत आलेल्या असतात आणि भारतातून आजी-आजोबा येऊन पोचतात. मग शनिवार-रविवारी जायचं कुठे, यावर चर्चा सुरू होते आणि कुणीतरी कोलोरॅडोच्या डोंगरांतल्या व्हेल या गावाचं नाव काढतं. त्यानंतर ग्रुपवर दरवर्षी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

व्हेल म्हणजे स्कीइंग करणाऱ्या श्रीमंतांचं गाव ना? उन्हाळ्यात आम्ही तिथे जाऊन करायचं काय?

श्रीमंतांचं आहे, यात वाद नाही. हिवाळ्यात तिथल्या हॉटेलांचे आणि लिफ्टच्या तिकिटांचे आकडे ऐकून घशाला कोरड पडते. उन्हाळ्यात मात्र चित्र बदलतं. गावातली बस फुकट, बाग फुकट, ओढ्याकाठची पायवाट फुकट, मंगळवारची मैफल फुकट, रविवारच्या बाजारात हिंडणंही फुकट. पैसे लागतात ते राहायला आणि डोंगरावरच्या खेळांना. राहायचं थोडं लांब घेतलं आणि खेळांना एकच सकाळ दिली, तर मध्यमवर्गीय खिशातही व्हेल नीट बसतं.

गाव तसं नवंच. दुसऱ्या महायुद्धात इथून जवळच्या कॅम्प हेलमध्ये अमेरिकी लष्कराच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचं प्रशिक्षण चाले. तिथे तयार झालेला पीट साइबर्ट इटलीत जखमी होऊन परतला. पुढे अर्ल ईटन नावाच्या स्थानिक माणसाने त्याला हा डोंगर दाखवला आणि १९६२च्या डिसेंबरात इथे स्कीइंग सुरू झालं. त्याआधी या दरीत मेंढ्या चरायच्या.

नेमकं कधी जावं?

जुलैचा मधला पंधरवडा. रानफुलं भरात असतात, मैफलींचा हंगाम ऐन रंगात असतो आणि वरच्या वाटांवरचा बर्फ बहुतेक वितळलेला असतो. दिवसा पारा साधारण २४-२५ अंश सेल्सियसपर्यंत जातो. रात्री मात्र पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो. जुलैत स्वेटर न्या म्हटलं की पुण्याहून आलेले पाहुणे हसतात आणि रात्री आठनंतर तोच स्वेटर मागतात.

जून थोडा फसवा असतो. गावात ऊन पडलेलं असतं, पण वर बर्फ असतो आणि वाटांवर चिखल. शिवाय एल्क या मोठ्या हरणांच्या विणीचा हा काळ असल्याने डोंगरावरच्या काही वाटा जूनच्या उत्तरार्धापर्यंत मुद्दाम बंद ठेवतात. तरी जूनच्या सुरुवातीला जायचं झालं, तर माउंटन गेम्सचा शनिवार-रविवार गाठा. कयाक, सायकली, दगडांवर चढायच्या स्पर्धा, असं पुष्कळ काही असतं, पण मुलं हलत नाहीत ती पाण्यात लांब उडी मारणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेपुढून. बघायला तिकीट नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर मोठे ऑर्केस्ट्रा (पाश्चात्त्य वाद्यवृंद) आपापल्या गावी परततात. मग गर्दी कमी होते, आणि ज्यांना फक्त भटकायचं आहे त्यांच्यासाठी हे दिवस चांगले.

मैफली कुठे होतात? फुकट कोणत्या?

मुख्य जागा म्हणजे फोर्ड पार्कमधलं जेराल्ड आर. फोर्ड अँफिथिएटर. अमेरिकेचे ३८वे अध्यक्ष फोर्ड यांचं कुटुंब सुट्टीला व्हेललाच यायचं. त्यांच्या नावाचं हे खुलं नाट्यगृह १९८७ साली उभं राहिलं. पुढच्या खुर्च्यांवर छप्पर आहे. मागे उतरत्या हिरवळीवर आपापली चादर पसरून बसायचं. सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास श्रोते मावतात. रंगमंचाच्या मागे डोंगर दिसतो, आणि संध्याकाळी सहाला सुरू झालेल्या कार्यक्रमात तासाभरात त्यावरचा उजेड पिवळ्याचा तांबूस होतो. मुलं कंटाळली तर त्यांना तेवढं दाखवा, दहा मिनिटं निघतात.

उन्हाळ्यातल्या मंगळवारी संध्याकाळी इथे ‘हॉट समर नाइट्स’ ही मोफत मालिका असते. रॉक, ब्लूज, कंट्री, रेगे, जो बँड त्या आठवड्यात आला असेल तो. लोक नाचतात, मुलं हिरवळीवर गडगडत खाली येतात, कुणी कुणाला गप्प करत नाही. पहिल्यांदा जात असाल तर इथूनच सुरुवात करा.

दुसरा मोठा मामला म्हणजे ब्राव्हो व्हेल हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव. स्थापना १९८७ची, जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत साधारण सहा आठवडे चालतो. डॅलस सिंफनी १९९९पासून, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक २००३पासून आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा २००७पासून इथे मुक्कामाला येत आले आहेत. छपराखालची तिकिटं महाग, पण हिरवळीची बरीच स्वस्त. न्यूयॉर्कच्या सभागृहात जे वादक ऐकायला सूटबूट घालून जायचं, ते इथे पायातल्या चपला काढून, डब्यातली पुरी खात ऐकता येतात. मला विचाराल तर हिरवळ छपरापेक्षा सरस. आवाज किंचित कमी पोचतो, पण मूल रडायला लागलं तर उठून जाता येतं.

ब्राव्होचेही काही कार्यक्रम मोफत असतात. मुलांसाठी छोट्या मैफली होतात आणि त्यांना जोडून वाद्यं हाताळायला देतात: व्हायोलिनवर गज फिरवून बघा, ट्रंपेटमध्ये फुंकून बघा. गावच्या सार्वजनिक वाचनालयात अगदी लहानांसाठी गोष्ट आणि संगीत असा कार्यक्रम असतो, आणि व्हेलच्या चॅपलमध्येही मोफत मैफली होतात. यांच्या तारखा वसंतातच जाहीर होतात. त्या बघून मुक्काम ठरवा. मुक्काम आधी ठरवून मग काय आहे ते बघायला गेलं की नेमका आदला दिवस निघतो.

जॅझची आवड असेल तर रविवारच्या बाजारात जॅझ असतं, तेही मोफत. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत नृत्यमहोत्सवही असतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना ऑर्केस्ट्राला नेणं म्हणजे दुसऱ्यांना त्रास नाही का?

छपराखाली नेलंत तर होऊ शकतो. हिरवळीवर नाही, मात्र कडेची जागा धरा. मध्यंतरापर्यंत थांबायचं आणि मुलांचा जीव बघून निघायचं, हे आधीच ठरवून ठेवा. अर्धी मैफल ऐकून निघाल्याने कुणाचा अपमान होत नाही. चित्रपट दाखवत त्याचं संगीत समोर ऑर्केस्ट्राने वाजवायचं, अशीही एखादी संध्याकाळ बहुतेक वर्षी असते. मुलांची पहिली ऑर्केस्ट्रा म्हणून तीच निवडा.

टाळ्यांचं तेवढं सांभाळा. आपल्याकडे तिहाई समेवर आली की ‘क्या बात है’ आपसूक निघतं. इथे रचनेचे तीन-चार भाग असतात, आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत टाळी वाजवायची पद्धत नाही. वाद्यवृंदाचा संचालक हात पूर्ण खाली घेऊन प्रेक्षकांकडे वळला की मग मनसोक्त वाजवा. चुकून मध्येच वाजली तरी कोणी खाऊन टाकत नाही. हिरवळीवर ते दर मैफलीला होतं.

हिरवळीवर बसायला काय न्यावं? घरचं खाणं चालतं का?

सवाईला भारतीय बैठकीत बसणाऱ्याला वेगळं शिकवायची गरज नाही. सतरंजी, पाठीला उशी, थर्मॉस, डबा. फरक एवढाच की इथली जमीन ओली असते, म्हणून सतरंजीखाली प्लॅस्टिकचा कागद हवा. खुर्ची न्यायची तर बुटक्या पायांची, नाहीतर मागचे लोक बोलतात, आणि बोलावंच. पावसासाठी छत्री नको, डोक्यावरून घालायचा रेनकोट न्या. छत्री उघडली की मागच्या दहा जणांचा रंगमंच गायब.

हिरवळीवर डबा उघडून बसणं ही इथली जुनी रीतच आहे. दारू मात्र बाहेरची चालत नाही. पिशवीच्या आकाराचे नियम कार्यक्रमागणिक बदलतात, ते तिकिटाबरोबर वाचून घ्या. खाण्याचं म्हणाल तर कोरडं आणि हाताने खाता येईल असं बरं: ठेपले, पुऱ्या, सुक्की बटाट्याची भाजी, चटणी-सँडविच. एकदा आमच्या शेजारच्या चादरीवर कुणी मिसळ आणली होती. वास सुरेख, पण उतारावर वाटी सरळ राहत नाही, हे रश्शाने लवकरच सिद्ध केलं.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. उंचीचा त्रास होईल का?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. डेन्व्हर शहरच जवळजवळ त्या उंचीवर आहे. व्हेल गाव त्याच्याही वर, साधारण २,४८० मीटर म्हणजे ८,१५० फुटांवर. वाटेत आयझेनहावर बोगदा लागतो तो ११,१५८ फुटांवर, मग व्हेल पास १०,६६२ फुटांवर. व्हेलमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने पाऊणच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच.

मुंबईहून विमानाने उतरून दुसऱ्याच दिवशी थेट व्हेलला नेऊ नका. आधी काही दिवस डेन्व्हरला राहू द्या. हृदयाचा, फुप्फुसांचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. ‘डोंगरावर जातोय’ एवढं सांगून भागत नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येतं. पोचल्याच्या दिवशी फार चालवू नका, पाणी घोटघोट पाजत राहा, जेवण हलकं ठेवा.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं साधारण पहिल्या दिवसभरात दिसतात आणि बहुतेकांची विश्रांतीने जातात. वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर सकाळची वाट न बघता उपचार मिळवा आणि खाली उतरा. खाली उतरणं हाच यावरचा खरा उपाय. ‘थोडं पडून राहते, बरं वाटेल’ असं म्हणणाऱ्या आयांची आपल्याकडे कमी नाही, तेव्हा निर्णय तुम्ही घ्या.

आणि गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या बंद पाळण्याने, डोंगरावर जाणं हा वेगळा टप्पा धरा. गावाच्या लायन्सहेड भागातून वर ईगल्स नेस्ट या ठिकाणी उतरलात की १०,३५० फूट. पहिल्या दिवशी नको.

पाऊस पडतो म्हणे. मग सगळं वाया?

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमतात, गडगडाट होतो, अर्धा-पाऊण तास सरी येतात आणि बऱ्याचदा संध्याकाळी पुन्हा उघडतं. आपला चार दिवसांचा झडीचा पाऊस नव्हे. पण यात वीज आहे आणि तिची चेष्टा करू नये. उघड्या माथ्यावर किंवा जिथे झाडं उगवायची थांबतात त्या उंचीच्या वर असाल तर बारापूर्वी उतरायला लागा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचण्याइतकी जवळ आहे. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, गाडी किंवा पक्की इमारत गाठायची.

म्हणून दिवसाची घडी अशी बसवा: डोंगर सकाळी, झोप किंवा वाचनालय दुपारी, गाणं संध्याकाळी. ज्यांना सुट्टीत दहाला उठायचं असतं त्यांचा आणि व्हेलचा जम बसत नाही.

मुलांसाठी डोंगरावर काय काय आहे?

ईगल्स नेस्टला उन्हाळी खेळांचा मोठा पसारा आहे: रुळांवरून जंगलातून खाली येणारी फॉरेस्ट फ्लायर, दोऱ्यांवरून चालायचे मार्ग, झिपलाइन, रबरी ट्यूबवरून घसरणं. साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत चालू असतं. फॉरेस्ट फ्लायरचा मार्ग सुमारे ३,४०० फुटांचा आहे आणि ब्रेक आपल्याच हातात असतो, त्यामुळे घाबरट बाबाही बसू शकतात. छोट्यांना मोठ्यांच्या पुढ्यात बसवतात. प्रत्येक खेळाला उंची-वजनाची अट असते. मुलाची उंची घरी मोजून, अटी वाचून मगच तिकीट काढा, नाहीतर दादा वर आणि धाकटी खाली रडतेय असा देखावा होतो.

पैसे मोजायचे असतील तर एकच सकाळ मोजा आणि पहिल्या गोंडोलाने वर जा. ढग आले की हे खेळ थांबवतात, म्हणजे दुपारी काढलेल्या तिकिटाचा अर्धा वेळ छपराखाली जातो. ज्यांना खेळ नकोत त्यांनी नुसती गोंडोलाची फेरी करावी. समोर गोर डोंगररांग आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर होली क्रॉस शिखर.

आणि पैसे न घालवता?

बेट्टी फोर्ड अल्पाइन गार्डन्स. अँफिथिएटरला लागूनच, ८,२०० फुटांवर. उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंचावरचं वनस्पती-उद्यान म्हणून ते ओळखलं जातं. प्रवेशाला तिकीट नाही, दानपेटी आहे, तीत टाका. जुलैत निळी-पांढरी कोलंबाइन फुललेली दिसते, ते कोलोरॅडोचं राज्यफूल. खडकांच्या फटीत बोटाच्या पेराएवढी झाडं उगवलेली असतात, पानांवर पांढरी लव. ही लव जोराच्या वाऱ्यात पाणी धरून ठेवते आणि कडक ऊन परतवते. आजीला बागकामाची आवड असेल तर इथे तास कसा गेला कळत नाही. मुलांना धबधब्याजवळ सोडा.

त्याच फोर्ड पार्कात खेळायची जागा आहे. लायन्सहेडच्या बाजूला सनबर्ड पार्क आणि व्हेल व्हिलेज या गावाच्या मुख्य भागात चाच्यांच्या जहाजाचं पार्क. चार ते आठ वर्षांची मुलं त्या जहाजावरून उतरायला तयार होत नाहीत. गोर क्रीक या गावातल्या ओढ्याच्या काठाने पक्की वाट आहे, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची दोन्ही चालतात. व्हिलेजचा बराच भाग गाड्यांना बंद असल्याने मुलांचा हात सोडला तरी जीव टांगणीला लागत नाही. ओढ्यात मात्र जूनमध्ये उतरवू नका. बर्फाचं पाणी असतं, गुडघाभर दिसतं पण ओढ फार असते. जुलैअखेर काठावर बसून पाय सोडण्याइतपत ते शांत होतं.

रविवारी शेतकरी बाजार. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. ऑगस्टात गेलात तर पॅलिसेडचे पीच घ्याच. हातात घेतल्यावर जड वाटला आणि देठाजवळ वास आला तर घ्यायचा, नुसता रंग बघून नाही. ओलाथाचं मक्याचं कणीसही त्याच सुमाराला येतं. भाजून लिंबू-तिखट लावायला आपलं सामान बरोबर न्या. कापडी पिशवीही न्या.

छोटा ट्रेक करायचा आहे. कुठला?

सगळे बूथ फॉल्स सांगतात आणि ते बरोबरच आहे. जायला साधारण दोन मैल, यायला दोन, धबधबा सुमारे ६० फुटांचा. पण सुरुवातीलाच चढ अंगावर येतो. सिंहगडाची सवय असलेल्यांनीही या हवेत वेग निम्मा धरावा. आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं करतात. त्याहून लहानांना अर्ध्यातून खांद्यावर घ्यावं लागेल, हे धरून चाला. धबधब्याच्या कड्यापाशी मुलांचा हात सोडू नका. वाटेच्या तोंडाशी उन्हाळ्यात गाडी लावता येत नाही, गावातून ईस्ट व्हेलची फुकट बस घ्यायची.

आजोबांसह सगळ्यांना जायचं असेल तर हा हट्ट सोडा आणि ओढ्याकाठची वाट धरा.

सायकल चालवता येईल का?

येईल, आणि हा या भागातला माझा सगळ्यांत आवडता उद्योग. भाड्याच्या दुकानांतून सायकल घ्यायची, त्यांच्याच गाडीने व्हेल पासवर जायचं आणि तिथून व्हेल व्हिलेजपर्यंत सुमारे १४ मैल जवळजवळ पूर्ण उतार उतरायचा. पॅडल मारावंच लागत नाही, पण ब्रेक दाबून बोटं भरून येतात, म्हणून हातमोजे घ्या. वाट मोटारींपासून वेगळी आहे. एका ठिकाणी महामार्गाच्या पुलाखालून जाते आणि अचानक गारठा लागतो. ज्या मुलाला हाताचे दोन्ही ब्रेक नीट जमतात त्यालाच न्या. पायाने उलटं पॅडल मारून थांबणाऱ्या छोट्या सायकली इथे चालणार नाहीत. त्या मुलांना गावातली सपाट वाट पुरे.

अस्वलं दिसतात का?

काळी अस्वलं आहेत, आणि गावातही येतात, ती कचऱ्याच्या वासाने. गाडीत खाणं ठेवून झोपू नका. चिवड्याचं बंद पाकीटसुद्धा. अस्वलाला गाडीचं दार उघडता येतं. पण सावध राहायचं ते मूसपासून. घोड्याहून मोठं जनावर, दिसायला शांत, आणि पिल्लू बरोबर असेल तर सरळ अंगावर येतं. फोटोसाठी जवळ जायचं नाही. अस्वलापुढून पळू नये, मूसपुढून पळून झाडामागे जावं. खारी आणि मार्मट पोळीचा तुकडा मागतात. देऊ नका.

खाण्याचं आणि राहण्याचं काय? शाकाहारी मिळतं का?

मिळतं, पिझ्झा, बरिटो, सॅलड. पण दोन वेळा चौघांचं बाहेर खाल्लं की हिशेब विस्कटतो. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. व्हिलेजमध्येच राहायचा आग्रह नसेल तर एव्हन, ईगल-व्हेल किंवा एडवर्ड्स ही पुढची गावं बघा. एव्हनला वॉलमार्ट आणि सिटी मार्केट दोन्ही आहेत.

प्रेशर कुकर घरून न्या. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासभर शिजवली तरी कणी राहते. राजमा-छोल्यांचं तर नावच नको. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही, फक्त एखादी शिट्टी जास्त. फोडणी देताना खिडकी उघडा, भाड्याच्या घरातले धुराचे अलार्म फार हळवे असतात. वर जाताना वेफरची पाकिटं उशीसारखी फुगतात आणि सनस्क्रीनची बाटली उघडताच पिचकारी मारते. सामान उघडताना अंगावरचा कपडा सांभाळा. ते सनस्क्रीन मात्र लावाच. उंचीवरचं ऊन भाजतं आणि गार हवेत ते जाणवत नाही.

गाडी लागतेच का?

डेन्व्हरच्या युनियन स्टेशनहून बस्टँग ही सरकारी बस व्हेलला थांबते. गावात फुकट बस आहे, आणि एव्हन, मिंटर्न या जवळच्या गावांकडे कोअर ट्रान्झिटच्या बसा जातात. दोघं-तिघं असाल तर एवढ्यात सहज भागतं. बाबागाडी, कुकर, सतरंज्या आणि आजी-आजोबा असा संसार असेल तर गाडी घ्या, पण गावात पोचल्यावर ती एकदा लावून विसरा.

४ जुलैला गेलो तर?

सकाळी मिरवणूक, दुपारी ब्राव्होची देशभक्तिपर मैफल, आणि गर्दी. जायचं तर जागा फार आधी बुक करा. आतषबाजीचं मुलांना वचन देऊ नका. वणव्याचा धोका असलेल्या कोरड्या वर्षी ती रद्द होते, आणि अशा वेळी शेकोटीवरही बंदी असते.

एक दिवस जादा मिळाला तर जवळपास काय?

शनिवार असेल तर मिंटर्नचा बाजार, छोटा पण ऐसपैस. एव्हनला नॉटिंगहॅम तलाव. काठावर वाळू, पाण्यात होड्या, उन्हाळ्यात तिथेही मोफत मैफली असतात. तलावावर एक दुपार घालवली तर मुलांच्या दृष्टीने ती सगळ्या सहलीवर भारी पडते. इतिहासाची ओढ असेल तर २४ क्रमांकाच्या महामार्गाने कॅम्प हेलला जा. ऑक्टोबर २०२२मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. बराकी उरलेल्या नाहीत, काँक्रीटचे चौथरे आणि मोकळी दरी आहे. पाइनी तलाव सुंदर, पण रस्ता कच्चा आणि खड्ड्यांचा. बुटकी सेडान असेल तर मोह टाळा.

रविवारी परत येताना ट्रॅफिक किती लागतो?

आय-७० महामार्गावर रविवारी दुपारी डेन्व्हरकडे येणारी रांग प्रसिद्ध आहे. दोन तासांचा रस्ता सहज साडेतीन-चार तासांचा होतो, आणि वाटेत मुलांना शू नेमकी बोगद्याच्या तोंडाशी लागते. सकाळी अकरापूर्वी निघा, नाहीतर बाजार आणि जॅझ निवांत उरकून, एव्हनला जेवून, संध्याकाळी सातनंतर. निघण्यापूर्वी राज्याच्या सीओट्रिप अॅपवर रस्ता बघून घ्या.

नोकरीत रजा मिळत असेल तर शनिवार-रविवार सोडून सोमवारी जा आणि बुधवारी परता. खोल्या स्वस्त मिळतात, रस्ता मोकळा असतो आणि मंगळवारची फुकट मैफल मधोमध येते.